औषध पखालीला : जलोदराच्या इतिहासातून

'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ती ज्या दृश्यातून निघाली ते दृश्य मात्र आता दिसेनासे झाले आहे. रेड्याच्या पाठीवरून दोन्ही अंगांना लोंबणारी, पाण्याने तट्ट फुगलेली चामड्याची पखाल आणि तिच्यामागून चालणारा पखालजी, हे नळ येण्यापूर्वीच्या गावांतले नित्याचे चित्र होते. रेडा आजारी पडला आणि मालक पखालीला औषध पाजू लागला, एवढाच त्या म्हणीतला विनोद. आपण ती सरकारी योजनांपासून साहित्य संमेलनाच्या ठरावांपर्यंत कोठेही वापरतो. पण एक रोग असा आहे की ज्याच्या बाबतीत औषध पखालीला द्यायचे की रेड्याला, हा वाद जवळजवळ शब्दशः दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालला. तो रोग म्हणजे जलोदर. बोलीत जळोदर, किंवा नुसतेच 'पोटात पाणी झाले'.

आम्ही भाषेचे शिक्षक आहोत, वैद्यकाचे नव्हे. या विषयाकडे वळलो तेही एका शब्दाच्या मागे लागून. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तेरावा अध्याय उदररोगांचा आहे. जलोदर झालेल्या पोटाला हात लावला असता पाण्याने भरलेली 'दृति' हिंदकळावी तसा स्पर्श होतो, असे तेथे सांगितले आहे. सुश्रुतानेही हीच उपमा वापरली असून हे पोट दृतीसारखे हिंदकळते, थरथरते आणि आवाज करते असे म्हटले आहे. दृति म्हणजे चामड्याची पिशवी, आपली पखाल. पाश्चात्त्य वैद्यकात आजही चालणारा 'असायटिस' हा शब्द ग्रीक 'आस्कोस'पासून आला. त्याचाही अर्थ पाणी किंवा मद्य भरण्याची चामड्याची पिशवी असाच आहे. एकाच विकाराकडे पाहताना परस्परांपासून हजारो मैल दूर असलेल्या वैद्यांना एकच वस्तू आठवली. यात कोणी कोणाची उपमा उचलली हे शोधण्याचे कारण नाही. दोघांच्याही दाराशी पखाल होती, एवढे पुरे आहे.

जाता जाता आणखी एक भाषिक गंमत. 'पोटातले पाणीही हलले नाही' हे मराठीत निश्चिंतपणाचे लक्षण. वैद्याला मात्र पोटातले पाणी हलते का, हेच पाहायचे असते. रोग्याला कुशीवर वळवून पोटावर बोटाने ठोकले की पाणी खालच्या बाजूला सरकते आणि बद्द आवाजाची जागा बदलते. अल्ट्रासाउंडच्या काळातही वैद्यकाचे विद्यार्थी ही परीक्षा शिकतात.

जलोदराची आपल्याकडची सर्वांत जुनी कथा वैद्यकग्रंथात नाही. ती ऐतरेय ब्राह्मणात आहे आणि तिचा नायक आहे राजा हरिश्चंद्र. मराठी मनातला हरिश्चंद्र म्हणजे सत्यासाठी राज्य सोडणारा, तारामती आणि रोहिदासाला विकणारा, डोमाघरी पाणी वाहणारा. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पडद्यावर आणला तो हाच. ऐतरेय ब्राह्मणातला हरिश्चंद्र त्याच्या अगदी उलट आहे. त्याला मूल नाही. पुत्र झाला तर तो तुलाच बळी देईन, असा शब्द तो वरुणाला देतो. आणि पुत्र झाल्यावर तो शब्द पुढे ढकलत राहतो. दहा दिवस होऊ देत, दात येऊ देत, दात पडू देत, पुन्हा येऊ देत, मुलगा शस्त्र धरण्याजोगा होऊ दे. मुलगा रोहित मोठा होतो तो धनुष्य घेऊन रानात निघून जातो. मग वरुण हरिश्चंद्राला पकडतो आणि राजाचे पोट फुगते.

वरुण हा जलाचा देव आणि शपथेचाही. म्हणून शब्द मोडणाऱ्याला शिक्षा पाण्याची, आणि तीही शरीराच्या आत. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील वरुणसूक्तात पाण्यात उभे असूनही तहानेने व्याकूळ झालेल्या भक्ताची जी विनवणी आहे, तिच्यातही अनेक भाष्यकारांना जलोदराचीच छाया दिसली आहे. पुढे रोहित अजीगर्त नावाच्या भुकेकंगाल ऋषीकडून त्याचा मधला मुलगा शुनःशेप शंभर गाई देऊन विकत घेतो आणि आपल्या जागी यूपाला बांधवतो. बांधण्यासाठी बाप आणखी शंभर गाई घेतो, कापण्यासाठी आणखी शंभर मागतो. शुनःशेप देवांची स्तुती करू लागतो. एकेक ऋचा म्हटली जाते तसतसा त्याचा एकेक पाश सुटतो आणि तिकडे राजाचे पोट थोडेथोडे लहान होत जाते.

ही कथा नरबळीच्या, दत्तकाच्या आणि यज्ञसंस्थेच्या अंगाने पुष्कळ अभ्यासली गेली आहे. आम्हांला तिच्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. पोटात पाणी का होते, याचे तिने दिलेले उत्तर आहे: रोग्याने काहीतरी केले म्हणून. या उत्तराने जलोदराची पाठ पुढे कधीच पुरती सोडली नाही.

चरकाच्या अध्यायाची सुरुवात कैलासावर होते. अग्निवेश आपल्या गुरूंना, पुनर्वसु आत्रेयांना सांगतो की तोंड सुकलेली, हातपाय वाळलेले आणि पोट फुगलेले रोगी आम्हांला दिसतात, उपाय नसल्यामुळे ते अनाथासारखे प्राण सोडतात. त्यांच्यासाठी काही सांगा. आठ प्रकारचे उदररोग वर्णिले आहेत. त्यांत प्लीहोदर आहे, त्याच्याच जोडीला यकृताचा विकार आहे, आणि शेवटी उदकोदर, म्हणजे जलोदर. उपचार न केल्यास इतर उदरेही अखेर जलोदरात परिणत होतात, म्हणून पाणी होण्याच्या आत धावपळ करावी, असा चरकाचा आग्रह. कारणांच्या यादीत अतिउष्ण, खारट, आंबट खाणे आहे, मंदाग्नी आहे, विष आहे. आणि त्याच यादीत पापकर्मही आहे. वरुण गेला, पण त्याची सावली यादीत राहिली.

तरीही चरकाचे मोठेपण त्या यादीत नसून पुढच्या एका विधीत आहे. सगळे उपाय थकले असता शेवटचा म्हणून विषप्रयोग सांगितला आहे: संतापलेल्या सापाकडून फळाला दंश करवून ते फळ रोग्याला द्यायचे. मात्र त्याआधी वैद्याने रोग्याचे नातलग, मित्र, पत्नी, ब्राह्मण, राजा आणि गुरू यांना एकत्र करून सांगावे की काही न केल्यास मृत्यू निश्चित आहे, केल्यास वाचण्याविषयी संशय आहे. आणि त्यांची अनुमती घेऊन मगच हे करावे. औषध म्हणून हा प्रकार आज कोणी मनातही आणू नये. पण जोखीम उघड सांगून संमती घेण्याची ही रीत वाचताना, आज शस्त्रक्रियेपूर्वी नातेवाइकांपुढे सही करण्यासाठी सरकवला जाणारा कागद आठवल्याशिवाय राहत नाही. आणि चरकाने वापरलेली भाषा त्या कागदाच्या भाषेपेक्षा सरळ आहे.

पाणी प्रत्यक्ष काढायचे कसे, हे सुश्रुताने सांगितले. चिकित्सास्थानातील चौदाव्या अध्यायातला तो भाग गद्यात आहे आणि एखाद्या कसबी कारागिराने शिकाऊ पोराला सांगावे तसा आहे. रोग्याला तेल चोळून, गरम पाण्याने शेकून, विश्वासू माणसांनी नीट धरून ठेवावे. काखेपर्यंत पट्टा गुंडाळावा. नाभीच्या खाली डाव्या बाजूला, रोमावळीपासून चार अंगुळे सोडून, व्रीहिमुख म्हणजे भाताच्या दाण्यासारखे टोक असलेल्या शस्त्राने अंगठ्याच्या पेराइतके खोल विंधावे. तेथे कथलासारख्या धातूची दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी किंवा पक्ष्याच्या पिसाची पोकळ दांडी बसवून पाणी जाऊ द्यावे. पण एका दिवसात सगळे पाणी काढू नये. एकदम काढले तर तहान, ताप, अंग मोडून येणे, अतिसार, श्वास, खोकला, पायांची आग असे उपद्रव होतात, किंवा अशक्त रोग्याचे पोट पूर्वीपेक्षाही अधिक भरते. म्हणून तीन, चार, पाच, सहा, आठ, दहा, बारा किंवा सोळा रात्रींचे अंतर ठेवून थोडेथोडे काढावे. पाणी निघाल्यावर पोट लोकर, रेशीम किंवा कातड्याने घट्ट गुंडाळावे. मग सहा महिने दुधावर किंवा रानातल्या प्राण्यांच्या मांसरसावर, तीन महिने अर्धे पाणी घातलेल्या दुधावर, आणि उरलेले तीन महिने हलक्या अन्नावर काढावेत. चरकाच्या पथ्यात मीठही वर्ज्य आहे.

हे वाचून 'आपल्याकडे सगळे आधीच होते' अशी आरोळी ठोकण्याचा मोह होतो. तो आवरावा हे बरे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्ससने लॅटिनमध्ये वैद्यकग्रंथ लिहिला, त्यातही नाभीखाली सुमारे चार बोटांवर डावीकडे छेद घेण्याची पद्धत आहे, नळी शिशाची किंवा काशाची आहे, आणि पहिल्या दिवशी बरेचसे पाणी काढून उरलेले रोज थोडेथोडे काढावे असेही आहे. उपमा जुळली तशी ही चार बोटेही जुळली. माणसाचे पोट सगळीकडे सारखेच असते आणि सावध हात सारख्याच चुकांतून शिकतात.

सेल्ससमुळेच आपल्याला तो पखालीचा वाद कळतो. त्याच्या तीनएकशे वर्षे आधी होऊन गेलेला इरासिस्ट्रेटस हा मोठा शरीरशास्त्रज्ञ पाणी काढण्याच्या विरोधात होता. त्याचे म्हणणे असे की रोग यकृताचा आहे, यकृत बरे केले पाहिजे. ते बिघडलेले असेतोवर पाणी पुन्हा पुन्हा होतच राहणार, मग ते काढून उपयोग काय? मराठीत सांगायचे तर, रोग रेड्याला आहे. सेल्ससचे उत्तर आमच्या मते प्राचीन वैद्यकातल्या सर्वांत समंजस उत्तरांपैकी एक आहे. तो म्हणतो, दोष दर वेळी एकट्या यकृताचा नसतो. आणि असला तरी साठलेले पाणी यकृताला आणि इतर अवयवांना आणखी इजा करते. पाणी काढल्याने माणूस बरा होत नाही हे खरे, पण आत पाणी असताना ज्या औषधाला शिरकाव मिळत नाही, त्याला जागा होते. इरासिस्ट्रेटसचे निदान बरोबर होते. पण त्याच्या काळी यकृतावर इलाज नव्हता, आणि मूळ सापडल्याच्या समाधानात फांदीवर लोंबणाऱ्या माणसाला विसरणे ही बुद्धिमंतांची जुनी खोड आहे.

त्याच प्रकरणात सेल्ससने एक किस्सा नोंदवला आहे. अँटिगोनस राजाचा एक मित्र खाण्यापिण्यात बेताल म्हणून प्रसिद्ध होता. त्याला जलोदर झाला, तोही फारसा तीव्र नव्हे. एपिरसचा फिलिप नावाचा वैद्य म्हणाला, मी याला बरा करतो. दरबारातला दुसरा वैद्य म्हणाला, हा बरा होणार नाही. फिलिप रोगाकडे पाहतो आहे, मी रोग्याच्या स्वभावाकडे. झाले तसेच. वैद्याचा आणि खुद्द राजाचा पहारा असूनही तहानेने वेड्या झालेल्या त्या माणसाने अंगावरचे लेप खाल्ले, स्वतःचे मूत्र प्यायला आणि तो गेला. सेल्सस यातून संयमाचा धडा काढतो. आम्हांला त्या किश्शात तहान जास्त दिसते. पोट पाण्याने फुटायला आले आहे आणि माणूस पाण्यावाचून तडफडतो आहे. तिकडे ऋग्वेदातला भक्तही नेमके हेच सांगत होता. त्याचे कारण कळायला विसावे शतक यावे लागले. ते पुढे येईलच.

त्यानंतरची दीड हजार वर्षे या विषयात फारसे नवे घडले नाही. पोट विंधणे चालू राहिले, जखमा पिकत राहिल्या, बहुतेक रोगी मरत राहिले. अपवादही होते. लंडनच्या बनहिल फील्ड्स या दफनभूमीत डेम मेरी पेज या बाईंची समाधी आहे. त्या १७२८ साली वारल्या. समाधीच्या दगडावर त्यांचे कोणतेही पुण्यकर्म कोरलेले नाही. कोरलेला आहे तो हिशेब: ६७ महिन्यांत ६६ वेळा पोटातून पाणी काढले, एकूण २४० गॅलन, आणि त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही की भीती दाखवली नाही. त्या काळच्या गॅलनने हे सुमारे ९०० लिटर होतात. पाच वर्षांहून अधिक काळ ही बाई जगली, ती केवळ पखाल रिकामी केली जात होती म्हणून. इरासिस्ट्रेटसने या दगडापुढे काय उत्तर दिले असते, असा प्रश्न आमच्या मनात येतो.

त्यानंतर ९९ वर्षांनी व्हिएन्नात याच रोगाने बेथोव्हेन गेला. डिसेंबर १८२६मध्ये भावाच्या गावाहून उघड्या गाडीतून थंडीत परतताना तो आजारी पडला. आधी फुप्फुसांचा दाह, मग कावीळ, मग पाय आणि पोटावर सूज. वावरुख हा त्याचा डॉक्टर आणि झायबर्ट हा शल्यवैद्य. २० डिसेंबरला पहिल्यांदा पोट विंधले. पाणी उसळून बाहेर आले तेव्हा बेथोव्हेनने झायबर्टची तुलना खडकावर काठी मारून पाणी काढणाऱ्या मोझेसशी केली. वावरुखनेच ही आठवण लिहून ठेवली आहे. त्या वेळी २५ पौंड पाणी मोजले गेले, आणि नंतर जखमेतून झिरपत राहिले ते वेगळेच. ८ जानेवारी, २ फेब्रुवारी आणि २७ फेब्रुवारी १८२७ रोजी पुन्हा तीन वेळा पाणी काढावे लागले. मध्ये माल्फाती या जुन्या डॉक्टर मित्राने बर्फ घातलेले पंच नावाचे मद्य सुचवले. काही दिवस झोप लागली, मग प्रमाण सुटले. लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने १०० पौंडांची मदत पाठवली. २६ मार्चला तो गेला. दुसऱ्या दिवशी योहान वॅग्नरने शवविच्छेदन केले तेव्हा यकृत निम्म्याने आक्रसलेले, चामड्यासारखे चिवट, निळसर हिरवे आणि गाठींनी भरलेले आढळले. रेडा सापडला, पण पखाल फुटल्यानंतर.

पुढची जवळजवळ दोनशे वर्षे चरित्रकार एकाच प्रश्नावर भांडत राहिले: बेथोव्हेन किती पीत असे? त्याच्या संगीताचे भक्त ते प्रमाण कमी करून सांगत, इतर वाढवून सांगत. जणू जलोदर हे चारित्र्याचे प्रमाणपत्र असावे. मार्च २०२३मध्ये त्याच्या केसांतील जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यकृतविकाराकडे झुकवणारी आनुवंशिक ठेवण त्याच्यात होती, आणि मृत्यूपूर्वी निदान काही महिने त्याला हिपॅटायटिस बी या विषाणूचा संसर्ग होता, असे त्यात दिसले. तो पीत असे, हे खोटे ठरले नाही; पण एकट्या प्याल्याचा निकाल मात्र मागे घ्यावा लागला.

बेथोव्हेनच्या मृत्यूच्या आसपास दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. लाएनेक या फ्रेंच वैद्याने १८१९ साली, स्टेथोस्कोपवरील आपल्या ग्रंथात, अशा आक्रसलेल्या पिवळट यकृताला 'सिऱ्होसिस' हे नाव दिले. 'किऱ्होस' म्हणजे पिवळसर तांबूस. आणि नेमक्या १८२७ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइटने दाखवले की सूज आलेल्या कित्येकांचे मूत्रपिंड बिघडलेले असते आणि त्यांचे मूत्र तापवले की त्यातले प्रथिन साकळते. जलोदर हा रोग नसून अनेक रोगांचे लक्षण आहे, दर वेळी रेडा वेगळा असू शकतो, हे येथून पक्के होत गेले. यकृत, हृदय, मूत्रपिंड, पोटाच्या आतल्या अस्तराचा क्षय, कर्करोग, असे हे अनेक रेडे. आता काढलेल्या पाण्यातले आणि रक्तातले अल्ब्युमिन मोजून वजाबाकी करतात. फरक डेसिलिटरला १.१ ग्रॅम किंवा अधिक असला तर दोष बहुधा यकृताकडे जाणाऱ्या शिरेतल्या दाबाचा, कमी असला तर शोध दुसरीकडे घ्यायचा.

आता त्या तहानेविषयी. यकृत व्रणांनी कठीण झाले की आतड्यांकडून त्याच्याकडे येणारे रक्त तुंबते. तुंबल्यामुळे पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, पुष्कळसे रक्त तेथेच रेंगाळते, आणि मूत्रपिंडांकडे पोचणारा प्रवाह रोडावतो. मूत्रपिंडांना वाटते शरीर कोरडे पडले आहे. ती मीठ आणि पाणी घट्ट धरून ठेवतात. ते धरलेले पाणी पुन्हा तुंबलेल्या वाहिन्यांतून पाझरून पोटात जाते, आणि मूत्रपिंडे पुन्हा दुष्काळाची दवंडी पिटतात. म्हणजे पुरात उभे राहून तहानेने रडणे ही त्या सूक्तातली नुसती कविकल्पना राहत नाही. ती शरीराच्या आत अक्षरशः घडते. म्हणून मीठ कमी करायचे, दिवसाला साधारण पाच ग्रॅमच्या आत. आमच्या घरांत याचा अर्थ लोणचे, पापड आणि खारवलेली मिरची यांना निरोप. पापडखारातही सोडियम असतेच. सोबत मूत्रल औषधे. तरीही पोट भरत राहिले तर सुई.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मूत्रल गोळ्या आल्या तेव्हा सुई मागे पडली होती. एकदम पाणी काढल्यावर रोगी खचतात, ही सुश्रुताची भीती आधुनिक डॉक्टरांनाही होती. १९८७ आणि १९८८ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी, पेरे जिनेस आणि विसेंते अरोयो यांच्या गटाने, काळजीपूर्वक चाचण्या करून दाखवले की पाणी मोठ्या प्रमाणात काढणे गोळ्यांपेक्षा जलद गुण देते, आणि त्याचबरोबर शिरेतून अल्ब्युमिन दिले तर तो खचण्याचा धोका पुष्कळ टळतो. आज पाच लिटरांहून अधिक पाणी काढले तर प्रत्येक लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन देतात. सुश्रुताकडे अल्ब्युमिन नव्हते, म्हणून त्याने रात्री मोजल्या. त्याच्या साधनांनिशी तोच उपाय शहाणपणाचा होता. सुई टोचण्याची आजची पसंतीची जागाही पोटाच्या खालच्या भागात डावीकडेच आहे.

काढलेले पाणी तपासतात ते आणखी एका कारणासाठी. साठलेल्या पाण्यात जंतूंचा शिरकाव होतो, आणि ताप, पोटदुखी, किंवा नुसते असंबद्ध बोलणे एवढ्यावरच तो कळतो. घनमिलिमीटरमागे २५० किंवा अधिक न्यूट्रोफिल पेशी दिसल्या की अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करतात. जलोदराच्या रोग्याला असे काही होऊ लागले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, हे येथे लिहून ठेवतो. इरासिस्ट्रेटसची मागणीही अखेर पुरी झाली. १९६३ साली थॉमस स्टार्झलने अमेरिकेत पहिले यकृतारोपण केले, १९६७ साली ते प्रथम यशस्वी झाले. रेडाच बदलण्याची सोय झाली, पण अजूनही ती थोड्यांनाच मिळते.

आणि तरीही रोग्याला पहिला प्रश्न वरुणाचाच विचारला जातो. पोटात पाणी झाल्याचे कळताच नातेवाईक कुजबुजतात, 'पीत होता का?' दारूने यकृत जाते हे खरेच आहे. १७९३ साली मॅथ्यू बेलीने कठीण यकृत आणि दारू यांचा संबंध नोंदवला होता. पण कधीही दारूला न शिवलेल्या, मधुमेह आणि स्थूलपणामुळे यकृत गमावलेल्या बाईला हा प्रश्न ऐकावा लागतो, तेव्हा ती आजार लपवते आणि उशिरा येते. आपले साहित्यही येथे फार उपयोगी पडत नाही. 'एकच प्याला'त सुधाकराचा संसार बुडतो, मूल जाते, सिंधू जाते, तो स्वतः विष घेतो. नाटकाचा सगळा भार नीतीवर आहे, यकृतावर नाही. गडकऱ्यांना त्याचा दोष देता येणार नाही, पण दारूविषयी आपण आजही त्याच नाटकाच्या भाषेत बोलतो.

रोग्याकडे बोट दाखवण्याची ही सवय किती फसवी ठरू शकते, हे दोन भारतीय प्रकरणांतून दिसते. १९७०च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातील, आताच्या छत्तीसगडमधील, सरगुजा भागात आदिवासी गावांतल्या माणसांची पोटे अचानक पाण्याने भरू लागली. तज्ज्ञांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६७ रोग्यांपैकी २८ दगावल्याची नोंद आहे. कारण निघाले गोंदली या भरड धान्यात मिसळलेल्या क्रोटॅलेरियाच्या बिया, म्हणजे आपल्या तागाच्या जातकुळीतले, वाळल्या शेंगा खुळखुळ्यासारख्या वाजणारे रानझुडूप. त्या बियांतले विष यकृतातल्या बारीक शिरा बुजवते. माणसांनी काहीही केले नव्हते. आपल्याच शेतातले धान्य खाल्ले होते.

दुसरे प्रकरण पुण्याचे. दोन-तीन वर्षांच्या आतल्या मुलांचे पोट फुगायचे, यकृत दगडासारखे लागायचे, पुढे कावीळ आणि जलोदर होऊन मूल जायचे. कलकत्त्यात १८८७ साली सेन यांनी वर्णिलेला हा विकार 'भारतीय बालयकृतविकार' म्हणून ओळखला जाई आणि कित्येक घरांत तो वंशाचा शाप मानला जाई, कारण भावंडांनाही तो होई. १९८०च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील शीला भावे आणि आनंद पंडित, तसेच इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतात तांब्याचे अफाट प्रमाण आढळल्यावर त्यांच्या घरातले दूध कशात तापते, याची चौकशी केली. आजारी मुलांना लहानपणीच वरचे दूध सुरू झालेले असे, आणि ते पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेले असे. पितळेतले तांबे दुधातल्या प्रथिनाला चिकटते आणि बाळाच्या यकृतात साठते. लवकर सापडलेल्या काही मुलांना तांबे बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइनने वाचवता आले. देशातल्या इतर काही केंद्रांना हे कारण तितकेसे पटले नाही, हेही नोंदवले पाहिजे. कदाचित सगळीकडचा आजार एक नसावा. पण १९९६ साली ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातून असाच अहवाल आला. तेथे १९०० ते १९७४ या काळात अशा १३८ मुलांची नोंद होती, आणि त्यांचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत उकळले जाई.

पितळेच्या भांड्याला कल्हई हवी, हे आमच्या आज्यांना ठाऊक होते. आंबट कळकते म्हणून. दूध कळकत नाही, त्याला चव येत नाही, म्हणून त्याच्या पातेल्याची कल्हई उडाली तरी दुसऱ्या वर्षी बघू म्हणून राहून जाई. पुण्यात नव्वदच्या दशकापर्यंत हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. डॉक्टरांनी घरोघरी सांगितले त्याचा त्यात वाटा होताच. पण त्याच काळात बोहारणींच्या टोपलीत जुन्या कपड्यांवर स्टीलची पातेली मिळू लागली होती, आणि कल्हईवाला आपला भाता घेऊन गल्लीत यायचा बंद झाला होता.